रेंज

शिराळ्यात, एसटी स्टँडच्या मागं माझं दुकान.
दाखले, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म.
पान दोन रुपये, रंगीत दहा.
आत पंखा आणि प्रिंटर,
दोघंही खोकत असतात.

मायाक्का झोरे पहिल्यांदा आली
ती मेलेल्या रेडकाचा फोटो घेऊन.
नुकसानभरपाईचा अर्ज.
मी लिहिलं, वाघाने मारले.
"वाघ न्हवं आण्णा, बिबट्या.
वाघ मागनं खायला बसतो,
ह्यानं पोटापासनं सुरवात केलीया."
मी खोडलं.
अकरावीतली पोर, बोट फोटोवर,
आवाजात रडणं नाही,
पंचनामा.

यंदा बारावीचा निकाल घेऊन आली.
सायन्स, एकाहत्तर टक्के.
"जंगलातल्या जनावरांचं शिकायचंय.
डॉक्टरकी न्हाय.
त्यास्नी मोजायचं, त्यांच्या वाटा बघायच्या,
त्यांच्या आन आमच्या मधी
कुणीतरी हुभं ऱ्हायाला पायजे, त्याचं.
असली डिग्री कुठं मिळती?
आन केवढ्याला?"

केवढ्याला.
वैरणीची पेंढी विचारावी तसं.

मी टाइप केलं.
पहिल्याच पानावर पट्टेदार वाघ,
जीपमध्ये टोप्या घातलेली पोरं,
आणि तळाशी, बारीक अक्षरात,
वर्षाचे दोन लाख ऐंशी हजार.
ती वाघाकडं बघत होती, मी आकड्याकडं.
मग तिनंही आकडा बघितला.
"चार म्हशी," ती म्हणाली.
"आमच्याकडं पाच हायत.
पर हे एकाच वर्साचं."

लांब उत्तरेतलं एक म्हणत होतं,
आधी कुठलीतरी पदवी घ्या, मग या.
एक घरबसल्या शिकवणारं होतं.
त्याच्या जाहिरातीतल्या हरणाची शिंगं बघून
ती इतकी हसली
की झेरॉक्सच्या रांगेतले तलाठी वळून बघायला लागले.
"हे आपल्या मुलखातलं न्हाय ओ!"

शेवटी कऱ्हाडचं कॉलेज.
वाघ नाही, जीप नाही.
दगडी जिना, प्राचार्यांचा फोटो.
बीएस्सी, प्राणिशास्त्र.
सवलत धरून साडेसहा हजार, एसटीचा पास वेगळा.
"ह्यात गवा हाय का?"
मी अभ्यासक्रम उघडला.
गांडूळ. झुरळ. बेडूक.
म्हटलं, तीन वर्षांनी वरची परीक्षा दे,
मग पुढं वनखातं, गवा, सगळं.
तिनं हनुवटी खाजवली.
"गांडुळापासनं तर गांडुळापासनं."

अर्ज अडला ओटीपीवर.
नंबर बापाचा. बाप धनगरवाड्यात.
तिथं रेंज नाही,
वरच्या सड्यावर एक धोंड आहे, तिच्यावर चढलं की दोन काड्या.
सकाळपासून तो तिथं बसलेला.
पहिला ओटीपी त्याला सापडलाच नाही.
दुसऱ्याला माझ्या फोनवरून आवाज आला,
एकदम बारीक:
"थांब. म्होरं गवा हाय."

स्क्रीनवर सेकंद उलटे पळत होते.
मायाक्कानं आकडे विचारलेच नाहीत.
"एकला हाय का कळपात?"
"एकला."
"कान कसं हायत? मान खाली घातलीया?"
"न्हाय. बघतुया."
"मग धोंडीवरनं उतरू नका.
हात हलवू नका. खोकू नका, दादा."
पंखा मी बंद केला, का ते माहीत नाही.

वेळ संपली, लाल अक्षरं आली.
आम्ही तिघंही गप्प.
वनखात्यातही रेंजच म्हणतात, साहेबाच्या हद्दीला.
तिचा बाप दोन्ही रेंजच्या काठावर,
एका दगडावर बसलेला.

"गेला," तो म्हणाला. "झाडीत गेला."
"कुठल्या अंगाला?"
"वढ्याकडं."
तिनं माझ्या टेबलावरचं पेन घेतलं,
तळहातावर काहीतरी लिहिलं,
वेळ, दिशा असणार.
"हां, आता बोला आकडं."

तिसरा ओटीपी बरोबर लागला.
मी पावतीची प्रिंट काढली, रंगीत.
पैसे साध्याचे घेतले.